ती तुझी कोण लागत होती?

गेल्या आठवड्यात माझी सोळा वर्षांची मुलगी खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. टेक्नोब्लेड या नावाने माइनक्राफ्ट हा संगणकावरचा खेळ खेळून दाखवणारा एक तरुण वयाच्या २३व्या वर्षी कर्करोगाने गेला होता. त्याने मागे ठेवलेला निरोप त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला, आणि ती चित्रफीत माझी मुलगी सकाळपासून पुन्हा पुन्हा पाहत होती. मुकुट घातलेल्या डुकराचे चित्र हीच त्याची ओळख. त्याचे खरे नाव ॲलेक्स होते, हेही तिला त्या निरोपातूनच कळले. "अगं, पण तो तुझा कोण लागत होता?" हे वाक्य माझ्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले, कारण हेच वाक्य मी स्वतः १९८६ च्या डिसेंबरमध्ये ऐकलेले आहे.

१३ डिसेंबरला स्मिता पाटील गेली. (मी तिच्याबद्दल नेहमी एकेरीतच बोलत आले, 'गेल्या' असे लिहायला आजही हात वळत नाही.) ती एकतीस वर्षांची होती, मी चौदा. मी सावळी आहे, आणि त्या वयात हे मला दिवसातून एकदा तरी कुणीतरी ऐकवत असे. चित्रपटांत येण्याआधी ती दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असे. सावळ्या रंगाची एक बाई इतक्या शांतपणे, कुणाची क्षमा न मागता, सगळ्यांच्या घरात येऊन बोलू शकते, हे मला तिच्यामुळे ठाऊक झाले होते. मासिकांतली तिची चित्रे मी एका वहीत चिकटवत असे. बातमी कळल्यावर मी ती वही घेऊन रडत बसले आणि बाबांनी विचारले, "ती तुझी कोण लागत होती?" ते रागावले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गणिताची वही उघडून बसले, म्हणजे मान खाली घालून बसायला कारण मिळाले.

ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना आपले नावही ठाऊक नव्हते, अशा कुणाच्या जाण्याने आपल्यापैकी कुणाला असे झाले असेल, तर कृपया लिहावे. मुलीशी काय बोलावे, हे मला अजून सुचलेले नाही.

काजवा

इरफान खान. २९ एप्रिल २०२०.

मार्च २०१८ मध्ये त्यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची गाठ) झाल्याचे जाहीर केले, त्याच्या पाच महिने आधी माझ्या वडिलांना त्याच आजाराचे निदान झाले होते. तोपर्यंत या आजाराचे नाव नातेवाइकांना समजावून सांगताना आमची दमछाक होत असे. इरफान यांच्यामुळे एका दिवसात ते नाव सर्वांना कळले, आणि वडील पहिल्यांदा फोनवर "इरफानला आहे ना, तेच" असे म्हणू लागले. इरफान उपचारांसाठी लंडनला गेले, परत येऊन त्यांनी पुन्हा चित्रीकरण केले, ही प्रत्येक बातमी आमच्या घरात एखाद्या तपासणीच्या अहवालासारखी वाचली जाई. वडिलांनी त्यांचे चित्रपट फारसे पाहिलेले नव्हते. त्यांना इरफान यांच्या अभिनयात नव्हे, वजनात रस होता. छायाचित्रात गाल भरलेले दिसले की वडील त्या दिवशी नीट जेवत.

इरफान गेले तेव्हा टाळेबंदी होती. चारच दिवस आधी त्यांच्या आई जयपूरला वारल्या होत्या आणि त्यांना अंत्यदर्शनालाही जाता आले नव्हते. बातमी लपवावी म्हणून मी वडिलांचा फोन उचलून ठेवला, पण ती त्यांना आधीच कळलेली होती. ते खिडकीशी बसले होते. माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाले, "पुढे चालणारा गेला." त्यानंतर या विषयावर आमच्यात कधीच बोलणे झाले नाही. वडील पुढच्या वर्षी गेले. माझ्या मनात या दोन मृत्यूंच्या तारखा शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांतल्या एका माणसाला मी कधीही पाहिले नव्हते, ही गोष्ट मला आता महत्त्वाची वाटत नाही.

पानगळ

काजवा, आपल्या वडिलांचे ते वाक्य वाचून मी हातातले काम ठेवून दिले. माझी बहीण सध्या उपचार घेत आहे आणि तीही अशीच एका अभिनेत्रीच्या बातम्यांवर नजर ठेवून असते. ती असे का करते, हे मला आज कळले. आज घरी गेल्यावर मी तिच्याजवळ बसेन.

शाईचा डाग

मी वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात होतो. प्रसिद्ध व्यक्ती फार आजारी असली की मृत्युलेख आगाऊ लिहून ठेवावा लागतो. वाचकांना हे निष्ठुर वाटेल, पण रात्री अकराला बातमी आली तर बाराला पान सुटायचे असते. जून २००० मध्ये पु. ल. देशपांडे रुग्णालयात होते आणि तो लेख माझ्याकडे आला. मी लहानपणी आजारपणाच्या एका सबंध पावसाळ्यात त्यांच्या पुस्तकांवर जगलो होतो, आणि हे वरिष्ठांना माहीत होते म्हणूनच त्यांनी मला निवडले.

असे लेख भूतकाळातच लिहायचे असतात. मला ते जमले नाही. मी सगळा लेख वर्तमानकाळात लिहिला: पु. ल. पेटी वाजवतात, पु. ल. माणसे गोळा करतात, पु. ल. ऐकणाऱ्याला आपल्या शेजारी बसवून घेतात. १२ जूनला ते गेले. मग मी एकेक क्रियापद शोधून बदलत बसलो. 'वाजवतात'चे 'वाजवत', 'करतात'चे 'करत', 'आहे'चे 'होते'. मराठीत हा बदल दिसायला किती लहान आहे, एखादे अक्षर कमी होते, एखादी मात्रा बदलते. पण प्रत्येक ठिकाणी मी स्वतःच्या हाताने काहीतरी मिटवतो आहे असे मला वाटत होते. शेवटी एक परिच्छेद नव्याने जोडावा लागला, कारण सुनीताबाईंशी त्यांचा विवाह १२ जून १९४६ रोजी झाला होता आणि ते गेले तो दिवस त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता. ते वाक्य मी चार वेळा लिहिले, आणि चारही वेळा ते मला अपुरेच वाटले.

दुसऱ्या दिवशी छापील अंक पाहिला तेव्हा एक 'आहे' तसाच राहून गेलेला दिसला. वरिष्ठांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली, माझ्याकडे पाहिले आणि अंक घडी घालून ठेवून दिला. एकाही वाचकाने ती चूक कळवली नाही. तो अंक माझ्याकडे अजून आहे.

फिरकी

वरच्या प्रतिसादानंतर क्रिकेटबद्दल लिहावे की नाही, या विचारात होतो, पण लिहितो.

ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नने जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पहिली कसोटी खेळली, त्यात १५० धावा देऊन त्याला एकच बळी मिळाला, तोही द्विशतक पूर्ण झालेल्या रवी शास्त्रीचा. मी तेव्हा महाविद्यालयाच्या संघात लेगस्पिन टाकत होतो आणि त्याच महिन्यात मला संघातून वगळले होते. पुढे तोच मुलगा कसोटीत ७०८ बळी घेणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पण दीड वर्षाने इंग्लंडचा फलंदाज माइक गॅटिंगला चकवणारा तो चेंडू पाहिला, तेव्हा मला आधी आठवले ते सिडनीतले १५०. लेगस्पिन टाकणाऱ्याला मार खाण्याची तयारी ठेवावीच लागते. मनगटातून सोडलेला चेंडू बोटांतून सोडलेल्या चेंडूपेक्षा जास्त वळतो आणि तितकाच जास्त भरकटतो. ही कला सुरक्षित खेळणाऱ्यांची नाही. नोकरीत, घरात, जिथे जिथे मी पहिल्या डावात सपाटून मार खाल्ला, तिथे तिथे मी त्या १५० धावा मोजल्या आहेत.

४ मार्च २०२२ ला सकाळी ऑस्ट्रेलियाचे माजी यष्टिरक्षक रॉड मार्श गेल्याची बातमी आली. वॉर्नने त्यांच्याबद्दल शोकसंदेश लिहिला आणि त्याच दिवशी थायलंडमध्ये तो स्वतः गेला. तो माझ्याच वयाचा होता, बावन्न. मी कार्यालयात होतो. अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा साहेबांनी कारण विचारले आणि मी "जवळचे कुणीतरी गेले" असे सांगितले. मी खोटे बोललो असे मला अजूनही वाटत नाही.

निळाई

मी दहावीच्या परीक्षेला बसले असताना माझी आजी गेली. परीक्षेत व्यत्यय नको म्हणून घरच्यांनी मला नऊ दिवस सांगितले नाही. आजी मामाकडे आहे, एवढेच मला सांगितले गेले, आणि मी रोज पेपर देऊन येऊन आजीला काय काय सांगायचे याची मनात यादी करत असे. दहाव्या दिवशी कळले तेव्हा घरातले सगळे रडून मोकळे झालेले होते, आणि त्या शांत झालेल्या घरात एकटीने नव्याने रडायला सुरुवात करणे मला जमले नाही. मी त्यांच्यावर रागावलेही नाही. ते सारे तसेच आत राहिले.

६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या. त्या ९२ वर्षांच्या होत्या, जवळजवळ महिनाभर रुग्णालयात होत्या, आणि त्या जातील हे मनाने धरलेले होते. आजी काम करताना त्यांचेच गाणे गुणगुणत असे, नेहमी कडव्याच्या मधूनच सुरू करून मधेच सोडून देई. त्या सकाळी दूरदर्शनवर एकामागून एक गाणी लागत होती. त्यांत ते गाणे लागले आणि पहिल्यांदाच मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले. मी इतकी रडले की नवरा घाबरला. तो म्हणाला, "तुला त्या इतक्या आवडायच्या, हे मला माहीत नव्हते." मी त्याला सांगितले की मी आजीसाठी रडते आहे, आणि ते सांगताना मला जाणवले की हेही पूर्ण खरे नाही. मी दोघींसाठी रडत होते आणि मला त्यांना वेगळे करता येत नव्हते.

रेघोट्या

लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. १६ डिसेंबर २००४. ते फक्त पन्नास वर्षांचे होते, हे मला मोठेपणी कळले. तेव्हा ते मला माझ्याच वयाचे वाटत. हसवणारा माणूस मरू शकतो, हे मला मान्यच नव्हते. माझ्या आयुष्यातला पहिला मृत्यू तोच. पुढे दोन वर्षे घरात त्यांचा चित्रपट लागला की मी खोलीतून निघून जात असे, आणि सगळ्यांना वाटे की मला विनोद आवडत नाहीत.

वाटसरू

मी समुपदेशनाचे काम करते, म्हणून धागाकर्तीच्या प्रश्नाबद्दल थोडे लिहिते. ही ओढ नवी नाही आणि तिला वेडेपणाही म्हणता येत नाही. हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच रेडिओ-दूरचित्रवाणीवरच्या माणसांशी श्रोत्यांचे जडणारे हे एकतर्फी नाते शब्दांत मांडले. समोरचा माणूस थेट आपल्याकडे पाहून बोलतो, रोज ठरलेल्या वेळी येतो, आणि मन त्याला ओळखीच्या माणसांच्या रांगेत बसवते. केनेथ डोका यांनी पुढे ज्या दुःखाला समाज जागा देत नाही, त्या दुःखाबद्दल लिहिले. अशा दुःखात माणसाला दोनदा सोसावे लागते: एकदा गेलेल्यासाठी, आणि पुन्हा एकदा ते लपवण्यासाठी. गणिताची वही उघडून बसलेली चौदा वर्षांची मुलगी नेमके हेच करत होती.

एक गोष्ट आवर्जून सांगते. एखादी प्रसिद्ध व्यक्ती आत्महत्येने गेली असेल, तर मुलांकडे अधिक लक्ष द्यावे. अशा बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच पद्धतीचे वर्णन करू नये, भडक मथळे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना सांगते. आपल्या मुलीच्या बाबतीत तसे नाही. तिला समजावू नका. तो कसा बोलायचा, तिला काय आवडायचे, एवढेच विचारा आणि ती दाखवेल ते पाहा.

पानगळ

आज बहिणीजवळ बसले होते. आम्ही त्या अभिनेत्रीबद्दल तासभर बोललो. आजाराबद्दल एक शब्दही निघाला नाही, आणि आजारपण सुरू झाल्यापासून आम्ही इतके बोललोच नव्हतो. वाटसरू, आणि काजवा, आपले दोघांचेही मनापासून आभार.

धागाकर्ती

सर्वांचे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले. शाईचा डाग यांचे राहून गेलेले 'आहे' तर मनातून जात नाही.

काल रात्री मी मुलीला म्हटले, "तो खेळायचा कसा, मला दाखवशील?" तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग दीड तास आम्ही त्याचे खेळ पाहिले. मला त्यातले नियम कळले नाहीत, पण लढाईच्या ऐन मध्यात संथ आवाजात काहीतरी सांगत राहण्याची त्याची पद्धत कळली, आणि परीक्षेच्या रात्री तो आवाज कानाशी असावा असे तिला का वाटत असेल, तेही कळले. मग तिने विचारले, "तुझं असं कुणी होतं?" मी स्मिताबद्दल सांगितले, आजोबा काय म्हणाले होते तेही सांगितले. तिने फोनवर स्मिताचा चेहरा शोधला आणि बराच वेळ मोठा करून पाहत राहिली.

"कशाने गेली?"

"बाळंतपणानंतर."

"बाळ केवढं होतं?"

"पंधरा दिवसांचं."

तिने फोन पालथा ठेवला आणि माझ्या खांद्याला टेकून बसली.