भूगोलाची पदवी घेऊन नगररचनेत शिरलात? अनुभव लिहा

भूगोल शिकलेल्या अनेकांना नगररचनेत यायचंय, पण 'आर्किटेक्ट आणि सिव्हिलवाल्यांच्या गर्दीत आपल्याला कोण विचारतंय' इथेच गाडी अडते. जे आत शिरलेत त्यांनी लिहा. उपदेश नको, काय घडलं ते सांगा.

समोच्चरेषा: मला जीआयएसनं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायच्या तंत्रानं, दार उघडून दिलं. मुलाखतीत पदवीबद्दल फारसं विचारलंच नाही. जुनी-नवी उपग्रह प्रतिमा पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, बांधकाम कुठल्या बाजूला सरकलंय ते दाखवा. त्यासाठीचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) प्रतिमा फुकट, लँडसॅट उपग्रहांचा साठा तर १९७२ पासूनचा. घरबसल्या सराव करून गेले होते, तोच कामी आला.

पाणलोट: जीआयएस येणारे आता पैशाला पासरी आहेत, राव. माझं नाणं खणखणीत वाजलं ते भूरूपशास्त्रावर, म्हणजे जमिनीच्या चढउतारांच्या अभ्यासावर. एका वसाहतीच्या आराखड्यात शाळेसाठी मोकळी, सपाट वाटणारी जागा धरली होती. नकाशावरच्या समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मात्र तिथे एकामागोमाग एक चढाच्या दिशेनं टोकदार वळलेल्या. म्हणजे पाण्याची वाट! उन्हाळ्यात पाहिलं तर नुसतं गवत. सोबतचे आर्किटेक्ट मानायला तयार नव्हते, म्हणून जिथलं पाणी त्या वाटेनं येतं ते वरचं सगळं पाणलोट क्षेत्र आखून त्यांच्यापुढे ठेवलं. शाळा बाजूला सरकली, त्या पट्ट्यात बाग आली. त्यानंतर नवा प्रकल्प आला की उताराचा नकाशा आधी माझ्याकडे यायला लागला.

अर्धीवाट: दुसरी बाजूही लिहिते. नुसत्या पदवीवर मी 'सहायक'च राहिले. पुष्कळ ठिकाणी नियोजक म्हणून सही करायला नियोजनातलीच मान्यताप्राप्त पदवी लागते. शेवटी पदव्युत्तर शिक्षण घेतलं. चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम), सामासिक अंतरं (इमारतीभोवती हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा), रस्त्याची रुंदी हे सगळं तिथेच कळलं. भूगोलात यातलं काही शिकवत नाहीत.

थांबा: वाहतुकीच्या कामात आमच्याकडे बसथांब्याभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढायची पद्धत होती. वर्तुळात घर आलं की 'सोय आहे'. मी रस्त्यांच्या जाळ्यावरून चालायचं अंतर काढलं, तर रेल्वेमार्गापलीकडची अख्खी वस्ती बाहेर पडली. नकाशावर थांबा हाकेच्या अंतरावर, पण पूल गाठायचा तर केवढा वळसा! ही खोड भूगोलाच्या क्षेत्रभेटींची. नकाशा घेऊन पायी फिरल्याशिवाय चैन पडत नाही.

नवखा: वाचतोय. पोर्टफोलिओत नकाशे किती ठेवावेत?

समोच्चरेषा: थोडेच ठेव. पण प्रत्येकाखाली एक ओळ हवी: हा नकाशा पाहून कुठला निर्णय बदलेल? आणि क्षेत्रफळं वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, मोजू नकोस. ६० अंश अक्षांशावर ती जवळपास चौपट दिसतात, आणि मुलाखत घेणाऱ्यांत एखादा भूगोलवाला निघालाच तर पहिलं बोट तिथेच ठेवेल.