परगावी गोल्फ: किट सोबत न्यावं की तिथेच भाड्याने घ्यावं? आणि विमानतळ ते कोर्स कसं जावं?

फेअरवेकर (धागाकर्ता)

कामाच्या किंवा फिरण्याच्या निमित्ताने परक्या शहरात जाऊन एक-दोन राउंड (१८ होलचे डाव) खेळायचे असतील, तर स्वतःचं किट विमानाने नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशांपेक्षा मोठं कारण म्हणजे वाहतूक.

ट्रॅव्हल कव्हरमधली गोल्फ बॅग साधारण १२५ ते १३० सेंमी लांब आणि ३५ सेंमी रुंद-उंच असते. चेक-इन सामानासाठी बऱ्याच विमान कंपन्यांची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंमीची मर्यादा असते. गोल्फ बॅगची बेरीज १९५च्या पुढे जाते. म्हणजे प्रत्येक वेळी क्रीडासाहित्याच्या नियमाखाली सूट घ्यायची किंवा आधी नोंदणी करायची. वजनाचं पाहिलं तर १४ क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) पावणेसहा किलोच्या आसपास, स्टँड बॅग सव्वादोन, मऊ कव्हर चार, बूट एक, डझनभर चेंडू अर्धा किलो. छत्री, टॉवेल आणि रेनसूट धरला की १५ किलोची मर्यादा असलेल्या तिकिटात कपड्यांना जागाच उरत नाही.

उतरल्यावर ही बॅग नेहमीच्या पट्ट्यावर येईलच असं नाही. मोठ्या सामानाच्या वेगळ्या दारातून ती बऱ्याचदा शेवटी येते. मग टॅक्सी. हॅचबॅकच्या डिकीत १२५ सेंमीची वस्तू मावत नाही. सेडानमध्ये तिरकी घालून एक बसते, दुसरी बसली तर सुटकेस मांडीवर घ्यावी लागते.

याउलट हातातल्या बॅगेत बूट, ग्लोव्ह, चेंडू, टी (चेंडू ठेवायची खुंटी) आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घेऊन निघालं की कोणतीही टॅक्सी, कोणतीही मेट्रो चालते. क्लब कोर्सवर भाड्याने घ्यावेत.

सातनंबरी

वाहतुकीचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य.

भाड्याच्या किटमध्ये नेमकं काय मिळतं ते बघा. ७ नंबर आयर्नचा (चपट्या धातूच्या डोक्याच्या क्लबचा) लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरका कोन, जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये ३४ अंशांच्या आसपास असतो, आजच्या गेम इम्प्रूव्हमेंट (खेळायला सोप्या केलेल्या) सेटमध्ये २८ ते ३०. क्लबवर आकडा तोच, पण चेंडू १०-१५ यार्ड पुढे पडतो. परक्या कोर्सवर बंकर (वाळूचा खड्डा) कुठे आहे हेच नीट ठाऊक नसतं, त्यात हातातल्या क्लबचं अंतरही ठाऊक नाही! ड्रायव्हरचा (सर्वांत लांब क्लबचा) स्विंग वेग ताशी ९५ मैलांच्या पुढे असलेल्याला रेग्युलर, म्हणजे जास्त लवचीक शाफ्ट (दांडा) दिला की चेंडू कुठे जाईल याची खात्री नाही. वेजच्या (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबच्या) खाचा झिजलेल्या असतात, त्यामुळे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू थांबत नाही. गुळगुळीत झालेल्या ग्रिपबद्दल तर बोलायलाच नको.

डावखुऱ्यांचे हाल वेगळेच. कित्येक कोर्सवर डावा सेट एकच असतो, तो त्या दिवशी आधीच कुणीतरी घेतलेला असतो.

सामानात क्लब मोडतात ते भरण्याच्या पद्धतीमुळे. ड्रायव्हर, फेअरवे वूड आणि हायब्रिड या लांब पल्ल्याच्या क्लबांची काढता येणारी डोकी पान्याने काढून, मोज्यात गुंडाळून बुटांच्या खणात ठेवा. पाना मात्र चेक-इन सामानातच जाऊ द्या. बॅगेच्या मध्यभागी सर्वांत लांब क्लबपेक्षा चार-पाच सेंमी उंच असा आधारदांडा घाला, म्हणजे बॅग उलटी आपटली तरी धक्का दांड्यावर जातो. आयर्नच्या डोक्यांभोवती टॉवेल घट्ट गुंडाळा. मोकळी जागा राहिली की धातू धातूवर आपटतो आणि मानेपाशी शाफ्टला चीर जाते.

डॉगलेग

@सातनंबरी, दांडा आणि टॉवेल ठीक, पण मऊ कव्हरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. अनेक विमान कंपन्या कडक केसमध्ये नसलेल्या क्लबच्या मोडतोडीची जबाबदारी घेत नाहीत. तिकिटाच्या अटींत ते लिहिलेलं असतं. कडक केस घेतली तर वजन एक-दोन किलोंनी वाढतं आणि रिकामी झाल्यावरही ती घडी होत नाही, म्हणजे गाडीतली अडचण कायम.

मोडतोड झालीच तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर अहवाल लिहून घ्या आणि त्याची प्रत घ्या. मॉन्ट्रियल कराराखालच्या (विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा करार) आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. पूर्ण किटची किंमत याहून जास्त असेल तर वेगळा विमा हवा.

बॅटरीबद्दलही. रेंजफाइंडरचा सुटा लिथियम सेल चेक-इनमध्ये चालत नाही, हातातल्या बॅगेत न्यायचा. इलेक्ट्रिक ट्रॉली नेण्याचा विचार असेल तर आधी बॅटरीवरचे वॉट-तास वाचा. १००पर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, १६०च्या पुढे प्रवाशाला नेताच येत नाही. १२ व्होल्ट, १६ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १९२ वॉट-तास. ती काउंटरवरच अडते.

चौदावा क्लब

दोघंही टोकाला जाताय. नियमात १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही.

अर्धं किट न्या: ३ किंवा ५ वूड, एक हायब्रिड, ६, ८, पिचिंग वेज, ५६ अंशांचा सँड वेज आणि पटर (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचा क्लब). सात क्लब. ड्रायव्हर घरी ठेवला की सर्वांत लांब क्लब १०७-१०९ सेंमीवर येतो आणि वूडचं डोकं काढलं तर त्याहून कमी. पातळ संडे बॅग (थोड्या क्लबांची हलकी बॅग) वापरली तर कव्हरसकट सगळं आठ किलोंच्या आत बसतं आणि सेडानमध्ये दोन बॅगा शेजारी-शेजारी मावतात. परक्या कोर्सवर पाहुण्याचे शॉट वाया जातात ते ग्रीनजवळ आणि पटिंगमध्ये. तिथे आपला वेज आणि आपला पटर हातात असणं हेच मोलाचं. ड्रायव्हर हवाच असेल तर तेवढाच तिथे भाड्याने मिळतो का, ते विचारा.

आणि दोघांत एक किट हा विचार सोडून द्या. बरेच कोर्स प्रत्येक खेळाडूकडे स्वतंत्र बॅग मागतात आणि स्पर्धेत दुसऱ्याचा क्लब वापरला तर दंडाचे स्ट्रोक (फटके) बसतात.

फेअरवेकर

@चौदावा क्लब, सात क्लबची कल्पना चांगली आहे. तरीही तीन दिवसांच्या दौऱ्यात एकच राउंड असेल तर आठ किलोही मला जास्त वाटतात. पटर आणि एक वेज मऊ कपड्यात गुंडाळून मोठ्या सुटकेसमध्ये तिरके बसतात. विमानाच्या केबिनमध्ये मात्र एक क्लबसुद्धा नेऊ देत नाहीत, हे लक्षात ठेवा.

भाड्याच्या क्लबवरचे @सातनंबरी यांचे आक्षेप खरे आहेत, पण ते न विचारता घेतल्यामुळे उद्भवतात. टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) ठरवतानाच ई-मेलवर लेखी विचारावं: उजवा की डावा, शाफ्ट रेग्युलर की स्टिफ (कडक), स्टील की ग्रॅफाइट, कोणत्या साली घेतलेला सेट, वेज कोणत्या अंशांचे, चेंडू धरून की वेगळे. आणि पहिल्या टीआधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ७ नंबरने १५ चेंडू मारून अंतर बघावं. एवढं केलं की अंदाज बराच जवळ येतो.

मागची नाइन

तुम्ही सगळे क्लबवर अडकलात. पाहुण्याचा राउंड बिघडतो तो वेळेच्या हिशेबात, खासकरून परतीच्या दिवशी.

सकाळी ७ची टी धरा. १८ होलना सव्वाचार ते साडेचार तास, म्हणजे ११:३०. अंघोळ, क्लब पुसणं, बॅग भरणं यात पाऊण तास: १२:१५. कोर्स ते विमानतळ तासाभराचं अंतर असेल तर १:१५. आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास धरले तर ४:१५च्या आधीचं विमान घेऊच नये. पुढचा गट संथ असला की यात अर्धा तास सहज वाढतो, म्हणून मी ५च्या पुढचंच सुचवेन. मोठ्या सामानाची खिडकी वेगळी असते आणि तिथली रांग कुणी हिशेबात धरत नाही.

येण्याच्या दिवशी विमान उतरणं आणि टी यांत किमान चार तास हवेत, आणि तेही विमान वेळेवर आलं तर. कोर्सवर ३० ते ४५ मिनिटं आधी नोंदणी लागते. स्पर्धेत तर पाच मिनिटांपर्यंत उशीर म्हणजे दोन स्ट्रोक, त्याहून जास्त झाला की बाद. उतरल्याच दिवशी १८ होल ठेवू नका. फार तर दुपारी उशिरा ९ होल ठेवा. त्यांना सव्वादोन तास पुरतात आणि त्या वेळेची फी बऱ्याच ठिकाणी कमी असते.

हिरवळीवरून

गाडीबद्दल माझं मत धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे. कुठलीही टॅक्सी चालते हे जातानाचं खरं. परत येताना? कोर्स बहुधा शहराबाहेर असतात. ॲपवर गाडी दिसते, चालक अंतर बघून रद्द करतो आणि पाहुणा उन्हात गेटपाशी उभा राहतो. एका राउंडसाठी जाताना-येताना आणि थांबण्यासह गाडी ठरवावी, किंवा परतीची वेळ लिहून निश्चित करून घ्यावी. ठरवताना 'चार प्रवासी' एवढंच सांगून भागत नाही. '१२५ सेंमीच्या इतक्या बॅगा, शिवाय इतक्या सुटकेस' असं लिहून कळवावं आणि डिकीत गॅसची टाकी नाही ना, हे विचारावं.

चार खेळाडू, चार किट असतील तर सात आसनी गाडी घेऊन तिसरी रांग पाडावी. चालकासह पाच जण बसतात, मागे बॅगा आडव्या रचता येतात. पाचवा खेळाडू आला की हे गणित मोडतं, मग व्हॅनच हवी. दोन किंवा अधिक कोर्सवर खेळणार असाल तर स्वतः चालवायची भाड्याची गाडी परवडते, पण मागची सीट ६०:४० पडणारी आहे का ते आधी बघा. आणि रात्रभर किट गाडीत ठेवू नका. चोरीचा धोका आहेच, शिवाय उन्हात तापलेल्या डिकीत ग्रिपखालची चिकटपट्टी सैल होते.

हॉटेलची शटल फुकट म्हणून निवडायची तर दोन गोष्टी विचारा: सामानाला वेगळा कप्पा आहे का, आणि पहाटेची पहिली फेरी किती वाजता. सातच्या टीला साडेसहाची शटल उपयोगाची नाही.

सातनंबरी

गाडीबद्दल पूर्ण सहमत. पण फेअरवेकर, रेंजवरच्या १५ चेंडूंनी अंतर कळतं हे मला पटत नाही. रेंजचे चेंडू बहुधा कडक आणि जुने, खेळातल्या चेंडूपेक्षा कमी जातात. शिवाय कोर्सवरचे आकडे मीटरमध्ये आहेत की यार्डात, हेही पाहुण्याने आधी विचारायला हवं. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, म्हणजे एका क्लबाहून जास्त फरक. खांबावरचा आकडा ग्रीनच्या मध्यापर्यंतचा की पुढच्या कडेपर्यंतचा, हा दुसरा प्रश्न. कोर्स समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंचीवर असेल तर चेंडू काही टक्के जास्त जातो. आपले क्लब असले की यातली प्रत्येक गोष्ट फक्त एका आकड्याची दुरुस्ती असते. परके क्लब घेतले की कोणती चूक कशामुळे झाली ते उमगतच नाही.

डॉगलेग

@सातनंबरी, तिथे कॅडी (बॅग वाहणारा, कोर्स माहीत असलेला मदतनीस) कामाला येतो, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. 'किती अंतर?' ऐवजी 'बंकर ओलांडायला किती कॅरी?', म्हणजे चेंडू हवेतून किती जायला हवा, असं विचारा. कोणती टी (पहिला फटका मारायची जागा) घ्यायची ते स्लोपवरून, म्हणजे त्या टीच्या अवघडपणाच्या आकड्यावरून ठरवा. हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा) गुणिले स्लोप, भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) वजा पार (कोर्सचे ठरलेले फटके) मिळवायचं. इंडेक्स १८, स्लोप १३० आणि रेटिंग पारइतकंच असेल तर उत्तर २१ येतं. घरी १८वर खेळणाऱ्याला तीन जास्त स्ट्रोक मिळतात, म्हणजे कोर्स तेवढा अवघड. पुढची टी घेण्यात कमीपणा काही नाही. हँडिकॅपचा पुरावा फोनमध्ये ठेवा, काही क्लब पाहुण्यांना त्याशिवाय खेळू देत नाहीत.

आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बूट आणि क्लब घासून धुऊन, वाळवूनच भरावेत आणि वापरलेलं साहित्य आगमन अर्जात जाहीर करावं. स्पाइकमधली माती तिथे तपासतात. त्यात लागणारा वेळ @मागची नाइन यांच्या चार तासांत धरलेला नाही.

मागची नाइन

बरोबर, नाही धरला. तिथे पाच तास धरा, किंवा टी सरळ दुसऱ्या दिवशीची घ्या.