मदत हवी आहे: बेकसॉल्गीत कोरडं पीठ राहतं, सोंगप्यॉन फुटतात

पुण्यात राहून घरी कोरियन त्तॉक (तांदळाचे वाफवलेले पदार्थ) करते आहे. पीठ दुकानातलं, साधं तांदळाचं.
बेकसॉल्गी (नुसतं पीठ-साखर वाफवलेला पांढरा त्तॉक) २५ मिनिटं वाफवूनही आत पांढऱ्या कोरड्या गाठी राहतात. सोंगप्यॉन (तिळाचं सारण, अर्धचंद्राकार) कडेला उकलतात. शिवाय इंजॉल्मीसाठी (चिकट तांदूळ कुटून केलेला त्तॉक) चिकट तांदूळ इथे कुठला घ्यावा?

प्रतिसाद १
गडबड पिठात आहे. कोरियात त्तॉकचं पीठ ओलं असतं. तांदूळ ८ ते १२ तास भिजवून, अर्धा तास निथळून, १ टक्का मीठ घालून दळतात. दुकानातल्या कोरड्या पिठात ते पाणी नसतंच, त्यामुळे कृतीतलं माप पाळून पीठ उपाशीच राहतं.

घरी करायचं तर ४०० ग्रॅम तांदूळ भिजवून निथळा, ४ ग्रॅम मीठ घाला आणि पाणी न घालता मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवा. साधारण ५०० ग्रॅम ओलं पीठ मिळेल. त्यात ५ मोठे चमचे पाणी एकेक चमचा घालत हाताने चोळा. मग परीक्षा: मुठीत दाबून झालेला गोळा तळहातावर तीन-चारदा हलकेच उडवा. फुटला तर पाणी कमी. न फुटता टिकला तर थांबा. नंतर दोनदा चाळा, गाठी तिथेच संपतात. कोरडंच पीठ वापरायचं असेल तर ४०० ग्रॅमला १८० ते २०० मिली पाणी लागेल. टप्प्याटप्प्याने घाला आणि दोन तास झाकून ठेवा.

तांदूळ बासमती नको, फार मोकळा. इंद्रायणी त्यातल्या त्यात जवळचा.

धागाकर्ती
साखर पिठात आधीच मिसळते. चालेल ना?

प्रतिसाद १
नाही. साखर पाणी ओढते, पीठ चिकटून गोळे होतात. ५० ग्रॅम साखर अगदी शेवटी, चाळून झाल्यावर घाला आणि लगेच भांड्यात भरा. दाबू नका, वरून फक्त सारखं करा. वड्या हव्या असतील तर वाफवण्याआधीच सुरीने रेघा मारा. पाणी खळखळ उकळल्यावरच भांडं ठेवायचं, झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर थेंब पडून वरचा थर चिकट होतो. २० मिनिटं मोठ्या आचेवर, ५ मिनिटं मंद. कोरियात बाळाच्या शंभराव्या दिवशी हीच करतात, म्हणून ती पांढरीशुभ्र निघायला हवी. साखर पांढरीच घ्या, गूळ नको.

प्रतिसाद २
सोंगप्यॉनबद्दल. मोदकाच्या उकडीचाच न्याय: तांदळाच्या पिठात ग्लूटेन नाही, उकळत्या पाण्याने काही भाग शिजून जो चिकटपणा येतो तोच सगळं धरून ठेवतो. कोमट पाणी घातलंत की कड फुटलीच. ३०० ग्रॅम ओल्या पिठाला ५ मोठे चमचे उकळतं पाणी, चमच्याने ढवळून मग १० मिनिटं मळा. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. ओल्या फडक्याखाली ठेवा, वरचा भाग सुकला तर पुन्हा मळा.

सारण: ३ चमचे भाजून जाडसर कुटलेले तीळ, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ. मध घालत असाल तर थेंबभरच; सारण पातळ झालं की वाफेत आतून ढकलतं. पारी बंद केल्यावर मुठीत दोन-तीनदा दाबून हवा काढा, ही पायरी बहुतेक जण गाळतात. २० मिनिटं वाफवून थंड पाण्यातून काढा आणि तिळाचं तेल चोळा. चुसॉकला (कोरियातला शरदातला सुगीचा सण) खाली पाइनची पानं घालतात, पण ती खाण्याजोग्या जातीची आणि फवारणी नसलेली हवीत. खात्री नसेल तर ओलं फडकं पुरे.

प्रतिसाद १
इंजॉल्मीसाठी आसामचा बोरा तांदूळ घ्या, तो खरंच चिकट आहे. रात्रभर भिजवा, अख्खाच ४० मिनिटं वाफवा, मध्ये एकदा मिठाचं पाणी शिंपडा, आणि गरम असतानाच खलबत्त्यात कुटा; निवल्यावर दाणे मोडत नाहीत. तुकडे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवा. बेकसॉल्गीच्या पद्धतीने चिकट तांदळाचं बारीक पीठ वाफवू नका: ते वाफेची वाट बुजवतं आणि मधला भाग कच्चा राहतो. करायचंच तर पीठ जाडसर ठेवा, एकदाच चाळा आणि मुठी-मुठींनी सैल भरा.

प्रतिसाद २
उरलेलं काहीही फ्रिजमध्ये नको, तिथे स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो. कोमट असतानाच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये, आणि खाताना पुन्हा वाफ.