कादंबरी आधी वाचायची की शब्दार्थ आधी लिहायचे?

निवृत्त मराठी शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर :
नववीच्या वर्गात कादंबरी सलग वाचणे हा वेळेचा अपव्यय असून, प्रकरणापूर्वी फळ्यावर दहा शब्दार्थ लिहून दिले तरच मुलांचा शब्दसंग्रह वाढतो, असे एका शिक्षिकाबाईंनी काल येथे लिहिले. ते वाचून मला रात्रभर चैन पडले नाही. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) मी वर्गात अनेक वर्षे वाचून दाखवली आहे. शिक्षणासाठी तळमळणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय होणार, या काळजीने वर्ग कान देऊन ऐकत असे, आणि त्या ऐकण्यातच शब्द आपोआप मुलांच्या तोंडी रुळत असत. यादीतला शब्द चाचणीपुरता पाठ होतो. कथेत भेटलेला शब्द मात्र कोणी, कोणत्या प्रसंगी उच्चारला, याच्यासकट मनात राहतो.

तीच शिक्षिका, राजारामपुरी :
सर, आपला अनुभव मोठा आहे, परंतु आपले विद्यार्थी मळ्यातून शाळेत येत होते आणि माझे विद्यार्थी सदनिकांतून येतात. मोटेचा, म्हणजे विहिरीतून बैलांकरवी पाणी उपसण्याचा प्रसंग वाचताना ‘बैल धावेवर आले’ असे मी म्हटले, तेव्हा बैल पळत आले, असेच सगळ्या वर्गाने समजून घेतले आणि एकाही मुलाने शंका विचारली नाही. पूर्णपणे अनोळखी शब्द आला तर मूल निदान अडखळते. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला, तर आपल्याला तो कळलेला नाही हेच त्याला कळत नाही. संदर्भातून अर्थ उलगडतो म्हणणाऱ्यांनी या अडचणीचे उत्तर द्यावे. शिवाय ज्या मुलाच्या घरी विचारायला कोणीच नाही, त्याने चुकीचा अंदाज कोणाकडून सुधारून घ्यायचा?

गूळ उत्पादक, करवीर तालुका :
बाईंची अडचण खरी असेल, पण यादीत कोणते शब्द येतात, हा माझा प्रश्न आहे. आमच्या मुलीने ‘आमचे गुऱ्हाळ’ या निबंधात ‘चुलवाण’ आणि ‘काहील’ हे शब्द लिहिले. शाळेत त्यावर लाल रेघ मारून ‘चूल’ आणि ‘मोठी कढई’ असे लिहून दिले गेले. चिपाडे जाळून ज्यावर शेकडो लिटर रस आटवतात, त्या चुलवाणाला चूल म्हणणे ही सुधारणा नव्हे, ती चूक आहे. गुळव्या, मळी, काकवी, ढेप या शब्दांवर आमचे घर चालते. वर्गात कादंबरी जरूर वाचा, पण घरून आलेले शब्द खोडून मग शब्दसंग्रह वाढवण्याच्या गोष्टी सांगू नका.

शिक्षिका, राजारामपुरी :
ती रेघ मी मारलेली नाही, तेव्हा तो राग माझ्यावर काढू नये. मात्र मुलांना परीक्षेत प्रमाणभाषेत लिहावे लागते आणि गुण गेले की हेच पालक आमच्याकडे येतात.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ :
प्रमाणभाषेची ढाल येथे पुढे करू नका! दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने प्रांतोप्रांतीच्या बोलींतील शब्द मानाने नोंदवले, आणि आपण मात्र कोल्हापुरात बसून कोल्हापूरचे शब्द खोडतो आहोत. ‘झोंबी’कार यादवांचे कागल येथून फार लांब नाही. तिथली बोली साहित्य अकादमीला पुरस्कारयोग्य वाटली आणि आपल्या निबंधाच्या वहीत ती चालत नाही, याची मला मनापासून लाज वाटते.

शिक्षिका, राजारामपुरी :
आवाज चढवल्याने ‘धावे’चा प्रश्न सुटत नाही.

गूळ उत्पादक :
तो मी सोडवतो. विहिरीकडून खाली उतरत जाणारी बैलांची वाट म्हणजे धाव. बैल उतारावर पुढे गेले की नाडा, म्हणजे जाड दोर, ओढला जाऊन मोट वर येते, सोंदूर हा बारीक दोर ओढला की मोटेच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडात पडते, आणि मग बैल त्याच वाटेने मागे मागे चढतात. माझ्या आजोबांनी मोट हाकली होती. पळणारे बैल मागे मागे कसे येतील, एवढे मुलांना विचारले असते, तर त्यांनीच अर्थ शोधला असता.

शिक्षिका, राजारामपुरी :
हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही, हे मान्य करते. परंतु त्यासाठी मोट ठाऊक असावी लागते, आणि ती माझ्या वर्गात कोणीही पाहिलेली नाही. यादी मी सोडणार नाही. ती प्रकरण वाचून झाल्यावर करीन आणि त्यातले निम्मे शब्द मुलांनी घरून आणावेत, असे सांगेन. ‘धाव’सारखे फसवे शब्द मात्र वाचनाआधीच फळ्यावर चित्र काढून समजावीन.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ :
फसवे शब्द आधी सांगा, त्याला माझा विरोध नाही. बाकीच्या शब्दांसाठी वाचन मध्येच थांबवू नका, एवढीच विनंती आहे.

गूळ उत्पादक :
आणि ‘चुलवाण’ला गुण मिळणार का, याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.