आधी लिंटेल, मग दार

तुमचा गवंडी म्हणतोय की स्वयंपाकघर आणि हॉलमधल्या भिंतीत ३ फुटी दार काढायला लिंटेल (दाराच्या वरची भिंत पेलणारी आडवी तुळई) नको, चौकटच वजन घेईल. भावा, त्याचं अजिबात ऐकू नका. चौकट दाराचा पल्ला धरायला असते, भिंत धरायला न्हाई.

पहिलं भिंतीची जाडी बघा. साडेचार इंची असेल तर बहुतेक नुसती पार्टिशन, पण शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे तसं ९ इंच किंवा जास्त असेल, वर स्लॅब नाहीतर तुळया टेकल्या असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छन्नी लावू नका, त्याची फी नंतरच्या तड्यांपेक्षा स्वस्तच पडते.

आम्ही केलं ते असं, वर टेकू दिले, मग भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच मारून तयार लिंटेलचा एक तुकडा बसवला, माल घट्ट झाल्यावर दुसऱ्या बाजूनं तसाच दुसरा, आणि मग खालच्या विटा काढल्या. दोन्हीकडं ६-६ इंच तरी टेकायला पाहिजे, म्हणजे ३ फुटाला लिंटेल निदान ४ फुटी. घण घालू नका, कटरनं कडा कापून घ्या, नाहीतर पलीकडचा गिलावा पण खाली येतोय. धूळ मात्र बेक्कार, आईच्या चटणीच्या बरणीवर पण थर!

आणि हो, स्विचबोर्डच्या वर सरळ रेषेत बहुतेक वायरचा पाइप असतोय, मेन बंद करूनच हात घाला. आमच्याकडं नेमका तोच कापला, दोन दिवस मिक्सर बंद.