विद्यापीठाच्या वायफायला चॅनल किती रुंद ठेवावा? माझं मत: होस्टेलात २० मेगाहर्ट्झच

बडोद्याचा_नेटवर्कवाला
बडोद्यातल्या एका विद्यापीठाचं वायफाय नव्यानं आखलं जातंय आणि त्या कामात मी आहे. पुरवठादारानं आणलेल्या आराखड्यात सरसकट ८० मेगाहर्ट्झचे चॅनल आहेत, होस्टेलातसुद्धा. (चॅनल म्हणजे हवेतली वाट: जितकी रुंद तितका वेग, पण तितक्या कमी वाटा.) मला हे अजिबात पटलेलं नाही. का ते मांडतो, विरोधातलं मतही ऐकायचंय.

ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनं आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना खुली झाली. ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५. या जागेत २०चे साधारण दोन डझन चॅनल बसतात, ४०चे अकरा-बारा, ८०चे पाच-सहा आणि १६०चे दोनच. त्यातही मधला मोठा भाग रडारसोबत वाटून घ्यायचा असतो. तिथं अ‍ॅक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणाऱ्या डब्याला) आधी मिनिटभर कान देऊन थांबावं लागतं, आणि रडार दिसलं की चॅनल सोडून पुढचा अर्धा तास तिथं परतता येत नाही. तो भाग टाळायचा म्हटलं तर ८०चे दोनच चॅनल हातात राहतात. २०चे मात्र नऊ.

आता होस्टेल डोळ्यांसमोर आणा. तीन मजले, मधून व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या. वरचा, खालचा आणि समोरचा अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना स्वच्छ ऐकू येतात. वायफायचा नियम असा की आधी ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं. आपल्याच चॅनलवर उणे ८२ डीबीएमच्या (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप) आसपासचा क्षीण सिग्नल आला तरी थांबायचं. म्हणजे एका चॅनलवर चार अ‍ॅक्सेस पॉइंट आले की चौघांत मिळून एकाचाच वेळ वाटला जातो. पैसे चारांचे मोजले, काम एकाचं.

शिवाय रुंदी दुप्पट केली की गोंगाट ३ डेसिबलनं वाढतो. २०वरून ८०वर गेलात तर ६ डेसिबल. कोपऱ्यातल्या खोलीतल्या फोनला हे लगेच जाणवतं.

फतेहगंजची_लॅब
दादा, हिशोब बरोबर आहे, पण निष्कर्षाला माझा विरोध आहे. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांच्या फाइली पन्नास-पन्नास जीबीच्या असतात. २०वर दोन अँटेनांच्या लॅपटॉपला वायफाय ६ या पिढीत कागदावरच २८६ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरा. ८०वर कागदी आकडा १२०० आहे. जो चौपट वेगानं काम उरकतो तो हवा लवकर मोकळी करतो. वेळ वाटून घ्यायचा असेल तर प्रत्येकानं कमीत कमी वेळ घ्यावा हेच चांगलं नाही का?

आणि ८० लावला म्हणजे प्रत्येक वेळी ८०वरच पाठवलं जातं असंही नाही. बाजूचा भाग व्यग्र दिसला तर अ‍ॅक्सेस पॉइंट त्या पुरता ४० किंवा २०वर उतरतो. मग आधीच हात बांधून का घ्यायचे?

बडोद्याचा_नेटवर्कवाला
लवकर उरकण्याचा मुद्दा मोठ्या फाइलींना पूर्ण लागू आहे, म्हणून लॅबबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण होस्टेलातली रहदारी तशी नसते. तिथं छोटे-छोटे पॅकेट असतात: मेसेज, व्हिडिओचे तुकडे, गेम. पाळीची वाट पाहणं, सुरुवातीची ओळख, शेवटची पोच हा सगळा वेळ चॅनल रुंद केल्यानं कमी होत नाही. चार चमचे मजकुरासाठी तेवढाच वेळ प्रत्येक वेळी द्यायचा, आणि वर चौपट जागा अडवायची.

खाली उतरण्याबद्दल: ८०मधल्या मुख्य २०वर रेडिओचा कान तीक्ष्ण असतो, बाजूच्या भागांवर तेवढा नसतो. तिथं साधारण उणे ७२ डीबीएमखालचं त्याच्या लक्षातच येत नाही. शेजारचा हळू बोलत असेल तर आपला रेडिओ जागा मोकळी समजून ८०वर पाठवतो आणि दोघांचंही वाया जातं. मग पुन्हा पाठवा. रात्री दहानंतर होस्टेलात जे अडखळतं त्यातलं बरंचसं हेच असतं, असं मला ठामपणे वाटतं.

एमटेक_दुसरं_वर्ष
काका, विद्यार्थ्यांच्या बाजूनं बोलते. मुलं आधी स्पीडटेस्ट लावतात. ८० लावलेल्या मजल्यावर पाचशे दिसतात, २०च्या मजल्यावर दीडशे. मग कार्यालयात तक्रार जाते की आम्ही फी भरतो आणि आमच्या मजल्याला मुद्दाम कमी दिलंय. तुम्ही डेसिबल समजावून सांगाल, पण कुणाकुणाला? मला ही तक्रार चुकीची वाटत नाही. ज्याला पाचशे मिळू शकतात त्याला दीडशेवर का अडवायचं?

बडोद्याचा_नेटवर्कवाला
ताई, ते पाचशे दुपारी एकट्या मुलाला मिळतात. रात्री त्याच मजल्यावर पन्नास फोन आणि तेवढेच लॅपटॉप जागे असतात. त्या वेळी तुझा व्हिडिओ कॉल तुटत नाही ना, परीक्षेचा फॉर्म एका झटक्यात सबमिट होतो ना, मी यावरून वायफाय जोखेन. आकड्यासाठी आराखडा करणं मला मान्य नाही, तक्रारी आल्या तरी.

ग्वाल्हेरचा_रेडिओवाला
तुमचं दोघांचंही ऐकलं. माझं म्हणणं असं की रुंदीचा प्रश्न शेवटी येतो. आधी हे सांगा, अ‍ॅक्सेस पॉइंट व्हरांड्यात टांगलेत की खोल्यांमध्ये? व्हरांडा म्हणजे सिग्नलला सरळ बोगदा. या टोकाचा त्या टोकाला ऐकू येतो आणि दाराआडच्या फोनला मात्र नीट येत नाही. खोल्यांमध्ये लावलेत तर भिंतीच तुमचं काम करतात. मग ४० बिनधास्त चालतो, अकरा चॅनल तीन मजल्यांना पुरतात. ‘२०च’ हा हट्ट मला ८०च्या हट्टाइतकाच चुकीचा वाटतो.

दुसरं, वायफायची नावं किती पसरवताय? विद्यार्थी, कर्मचारी, पाहुणे, परीक्षा, एड्युरोम (इतर विद्यापीठांतून आलेल्यांनाही चालणारं नेटवर्क)... प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, तीही सर्वांत कमी वेगानं. एक आणि दोन एमबीपीएससारखे जुने वेग बंद करा, नावं तीनवर आणा. २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यावर २०शिवाय विचारच करू नका. तिथं चॅनल १, ६, ११ एवढंच. दाट जागी तर निम्म्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा २.४चा रेडिओ बंद ठेवा.

फतेहगंजची_लॅब
भिंतीचा मुद्दा बडोद्यात फार महत्त्वाचा आहे. गायकवाडी काळातल्या जाड विटांच्या इमारती आणि सिमेंटच्या पातळ भिंतींची नवी होस्टेलं यांना एकच नियम कसा लागेल? जुन्या इमारतीत शेजारच्या खोलीतला सिग्नल पोचत नाही. तिथं ८०नं कुणाचं काय बिघडतं?

आणि ६ गिगाहर्ट्झ विसरू नका. मे २०२५मध्ये ५९२५ ते ६४२५ हा पट्टा इमारतीच्या आतल्या, कमी शक्तीच्या वापरासाठी विनापरवाना खुला करण्याच्या नियमांचा मसुदा आला. ५०० मेगाहर्ट्झ म्हणजे ८०चे सहा चॅनल. आज घेतलेले अ‍ॅक्सेस पॉइंट सहा-सात वर्षं चालवायचे असतात. खरेदी आजच्या गर्दीकडे बघून करायची की पुढच्या?

बडोद्याचा_नेटवर्कवाला
खरेदीत ६ गिगाहर्ट्झ हवाच, आणि तिथं ८० ठेवायला माझी ना नाही. पण मुलांच्या हातातले फोन लगेच बदलत नाहीत. बहुतेकांचे स्वस्त आहेत, ते आणखी बरीच वर्षं ५वरच राहतील. ज्याच्याकडे महागडा फोन आहे त्याला रुंद चॅनल मिळावा म्हणून बाकीच्यांनी रांगेत थांबायचं, हे सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात मला पटत नाही. ५चा आराखडा त्यांच्यासाठी करायचा आहे.

जुन्या जाड भिंतींच्या इमारतीत मोजून ४० किंवा ८०, हे मान्य. खोल्यांमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट लावायला तारा ओढायचा खर्च मंजूर झाला तर नव्या होस्टेलातही ४०वर चर्चा करू. व्हरांड्यात राहिले तर २०. सगळे डबे सांभाळणाऱ्या कंट्रोलरला ‘स्वतःच ठरव’ असं सांगून सोडून द्यायचं नाही, कमाल रुंदी आपणच बांधून द्यायची.

ग्वाल्हेरचा_रेडिओवाला
मग एका होस्टेलात एक मजला २०वर आणि एक ४०वर ठेवा. चॅनल किती टक्के वेळ व्यग्र आहे आणि किती पॅकेट पुन्हा पाठवावे लागतात, या दोन गोष्टी बघा. स्पीडटेस्ट बघू नका. मी अजूनही ४०वर पैज लावतो.

एमटेक_दुसरं_वर्ष
मुलींच्या होस्टेलात आमचा मजला घ्या, वॉर्डन मॅडमना मी विचारते. फक्त सुट्टीत मोजू नका, आणि दुपारी तर मुळीच नको. सत्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, रात्री दहा ते एक.