बेढब आकृत्या आणि ओतँचं दार

एकांनी लिहिलंय की रोमनेस्क (म्हणजे युरोपातल्या साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीच्या) चर्चच्या दारांवरच्या कोरीव आकृत्या 'प्रमाणात नाहीत, लहान मुलांनी काढल्यासारख्या' वाटतात. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या ओतँच्या सेंट लाझारस चर्चच्या धर्मगुरूंचंही १७६६ साली हेच मत होतं. पश्चिम दारावरच्या कमानीत बाराव्या शतकातला अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी येशू सगळ्या मेलेल्यांचा न्याय करतो तो, देखावा कोरलेला आहे. त्यांनी तो गिलावा करून चक्क बुजवून टाकला! मधल्या येशूचं डोकं गिलाव्याच्या बाहेर येत होतं, म्हणून तेवढं तोडून काढलं. १८३७ साली गिलावा खरवडला, पण ते डोकं धडावर परत बसायला १९४८ उजाडलं. खरं तर त्या गिलाव्यामुळेच बाकीचं शिल्प राज्यक्रांतीच्या मोडतोडीतून वाचलं. आता बोला!

राहिला प्रमाणाचा मुद्दा. येशू सर्वांत मोठा, देवदूत लांबच लांब आणि खालच्या पट्टीतले मेलेले जीव टीचभर, हे मुद्दाम केलेलं आहे. तिथेच दोन राक्षसी पंजे एका जिवाचं डोकं वरून पकडतात. पंजे कोणाचे ते दिसतच नाही. हेच शरीरशास्त्राप्रमाणे अचूक कोरलं असतं तर इतकं अंगावर आलं असतं का? आणि शेजारच्या, जीव तोलायच्या तराजूला लोंबकळून पारडं खाली ओढू पाहणारा सैतान तर मला बाजारातल्या लबाड वाण्यासारखाच वाटतो.

येशूच्या पायाखाली लॅटिनमध्ये कोरलंय, 'गिस्लेबेर्तुसने हे केलं'. हे नाव शिल्पकाराचं की आश्रयदात्याचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझं मत शिल्पकाराला.